अप्पा अमेरिकन होतात

माझे सासरे एका मंगळवारी सकाळी अमेरिकेचे नागरिक झाले. त्यासाठी त्यांनी अर्ज केला नव्हता, परीक्षा दिली नव्हती आणि त्यांची तशी इच्छाही नव्हती. ते फक्त लघवीला गेले होते.

यात माझी काहीही चूक नाही, असं मी आजही म्हणतो. (असं म्हणणारा घरात मी एकटाच आहे.)

आम्ही सिंगापूरला पुंगोलमध्ये राहतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको मेधा आणि आमची नऊ वर्षांची ईरा. मेधाचे आईवडील, माई आणि अप्पा, साताऱ्याचे. त्या वर्षी तिथला उन्हाळा सोसवेना म्हणून ते दोन-तीन महिने आमच्याकडे राहायला आले. (सिंगापुरात बाराही महिने उन्हाळाच असतो, ही बातमी त्यांना विमानतळाच्या दारात कळली.) अप्पांची सगळी नोकरी साताऱ्याच्या कोर्टात गेली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून शपथ द्यायची, हे त्यांचं आवडतं काम. साक्षीदार पुटपुटायला लागला की अप्पा त्याला तिथंच थांबवायचे. "मोठ्यानं! देवाला ऐकू गेलं पाहिजे!" अजूनही साताऱ्यात काही लोक अप्पांना रस्त्यात बघून उजवा हात वर करतात म्हणे. नमस्कार म्हणून असेल. खात्री नाही.

एकदा जेवताना मी सहज बोलून गेलो, की ऑफिसच्या कामासाठी मला आठवडाभर बॉस्टनला जायचंय.

अप्पांनी हातातला घास खाली ठेवला. "आमचा व्हिसा संपतोय," ते म्हणाले. दूध नासायला आलंय हे सांगतात ना, त्या सुरात.

झालं होतं असं, की धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी दोघांनी अमेरिकेचा व्हिसा काढून ठेवला होता. ऐन वेळी मुलगीच बाळंतपणाला साताऱ्याला आली. व्हिसा कोरा राहिला. आता मिळालेली वस्तू न वापरता टाकून देणं हे अप्पांच्या रक्तातच नाही. हॉटेलातल्या साबणाच्या वड्यासुद्धा ते घरी आणून संपवतात.

"अहो अप्पा, मी कामाला चाललोय."

"मग तुम्ही काम करा की. आम्ही कुठं नको म्हणतोय?"

मेधा म्हणाली, जूनमध्ये ईराला सुट्टीच आहे. ईरा म्हणाली, "वी ऑल्सो गो, पप्पा, कॅन?" माईंनी लाडवांचा डबा केवढा न्यावा लागेल, ते हातानं मापून बघितलं. म्हणजे ठरलंच!

तर मी बॉस्टनला काम केलं, आणि शेवटी एक मंगळवार मोकळा मिळाला.

"हे अमेरिकेतलं फार ऐतिहासिक शहर," मी हॉटेलात जाहीर केलं. "उद्या सगळ्या जुन्या जागा पायी बघायच्या. गाईडबिईड काही लागत नाही. रस्त्यावर लाल रेघ आखलेली आहे. रेघेवरून चालत सुटायचं, एकेक स्थळ आपोआप समोर येतं."

"आणि रेघ चुकली तर?" मेधानं विचारलं.

"रेघ चुकेल कशी? आपण सिंगापूरचे आहोत!"

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, फलाटावर कुठं उभं राहायचं त्याचे बाण, सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला थांबायचं त्याच्या सूचना, कुठं ओळ धरायची त्याच्या पट्ट्या. इतकी वर्षं यांच्यावर काढल्यानंतर जमिनीवर काही आखलेलं दिसलं की माझे पाय आपोआप त्याच्यावर पडतात. डोकं नंतर येतं.

सकाळी अप्पा कोट आणि टाय घालून तयार.

"अप्पा, आपण फिरायला चाललोय."

"ऐतिहासिक ठिकाणी चाललोय ना? मग तिथं काय हाफ चड्डीत जायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्या हाफ चड्डीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत चड्डीकडे.

लाल रेघ सापडली, आम्ही तिच्यावर चढलो आणि तिनं आम्हाला थेट एका स्मशानात नेलं.

माई फाटकातच थांबल्या. "हे काय?"

"जुनी दफनभूमी. या देशाचे मोठमोठे देशभक्त इथे..."

"श्रीरंगराव, ठेवणीतलं पातळ नेसून तुम्ही मला मसणात आणलंत?"

"माई, हे पर्यटनस्थळ आहे! लोक लांबून बघायला येतात."

"लांबूनच बघतात ना? मग आपणही लांबूनच बघू."

आणि त्यांनी फाटकाबाहेरून हात जोडले. एवढ्यावर भागलं नाही. आंघोळ केल्याशिवाय पुढं पाऊल टाकणार नाही, असं म्हणून त्या अडून बसल्या. शेवटी त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून आम्हा सगळ्यांच्या अंगावर पाणी शिंपडलं, तेव्हा कुठं वरात हलली. ("माई, व्हाय यू वॉटर मी?" ईरा ओरडत होती.)

पुढं एक जुनी विटांची वास्तू लागली. मी फलक वाचून सगळ्यांना मराठीत समजावून सांगितलं, की करावर चिडून इथल्या लोकांनी इंग्रजांचा चहा बंदरात नेऊन पाण्यात टाकला आणि तिथून सगळी चळवळ पेटली.

माईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "चहा पाण्यातच टाकतात की," त्या म्हणाल्या. "त्यात एवढं चिडण्यासारखं काय?"

"दूध घातलं नसेल," अप्पा म्हणाले.

अमेरिकेचं स्वातंत्र्य असं अडीच वाक्यांत उरकून आम्ही पुढं निघालो आणि घात झाला. रस्ता खणून ठेवलेला होता आणि आमची रेघ त्या खड्ड्यात जाऊन बेपत्ता झाली होती. मी अजिबात डगमगलो नाही. पलीकडे दुसरी लाल रेघ दिसत होती, ती धरली. ती जरा फवारून काढल्यासारखी वाटत होती, पण म्हटलं दुरुस्ती चालू असेल. ती आम्हाला दोन गल्ल्यांतून फिरवत एका गाडीतळाच्या मागे घेऊन गेली आणि एका लोखंडी झाकणापाशी संपली.

"हे कुठलं स्थळ?" माईंनी अदबीनं विचारलं.

"हे... जुनं गटार," मी म्हणालो. "त्या काळातली सांडपाण्याची व्यवस्था."

अप्पांनी त्या झाकणाला प्रदक्षिणा घातली. "मजबूत आहे," ते म्हणाले. मेधानं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बायको काही बोलली नाही की जास्त घाबरायला होतं.

तेवढ्यात मला ती रांग दिसली!

एक जुनी, देखणी इमारत, आणि तिच्या दाराशी ही लांबलचक रांग. माझा जीव भांड्यात पडला. सिंगापुरात रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग कशाची आहे ते विचारायचं, अशी पद्धत आहे. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमध्ये ज्या गाळ्यासमोर सगळ्यात लांब रांग, त्याचा भात सगळ्यात चांगला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"हेच ते मुख्य स्थळ!" मी म्हणालो. "चला, उभे राहा."

रांगेतले लोक मात्र भारी नटून आलेले. एक धिप्पाड आफ्रिकन गृहस्थ पायघोळ निळ्या झग्यात, दोन मुली रेशमी पोशाखात, आणि एक गुजराती बेन तर लग्नाला निघाल्यासारख्या जरीच्या साडीत.

"बघा," मी म्हटलं, "आपल्या वारशाचा मान कसा ठेवावा, हे या लोकांकडून शिकावं."

"चड्डीत कुणीच नाही," अप्पा म्हणाले.

गुजराती बेन मागं वळल्या. अप्पांचा टाय बघून तोंड भरून हसल्या. "काँग्रॅच्युलेशन्स, अंकल!"

अप्पांना वाटलं, एवढ्या लांबून आल्याबद्दल अभिनंदन करतायत. "थँक यू, थँक यू," ते म्हणाले आणि पुढचं आपल्या खास सातारी हिंदीत सांगितलं, "व्हिजा पडा था, बोला वापरके टाकेंगे."

दारावरच्या माणसानं आम्हा पाचांकडे बघून विचारलं, "गेस्ट्स?"

"येस, येस! गेस्ट्स!" मी म्हणालो. परदेशात माणूस पाहुणा नाही तर कोण असतो?

त्यानं जिन्याकडे बोट दाखवलं. आम्ही वर सज्जात जाऊन बसलो. खाली मोठं सभागृह, भिंतीवर मोठमोठी तैलचित्रं, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांत ती सगळी नटलेली मंडळी. अप्पा दोन मिनिटं बसले आणि उठले. "मी जरा जाऊन येतो." आणि ते जिना उतरून गेले.

इकडे खाली काळा झगा घातलेले एक न्यायाधीश आले. सगळे उभे राहिले, परत बसले. मी लगेच माईंना माहिती दिली, "हा ऐतिहासिक प्रयोग आहे. जुन्या काळचा प्रसंग जसाच्या तसा करून दाखवतात. तो नट बघा, हुबेहूब न्यायाधीश वाटतोय!"

"पप्पा, दिस वन नॉट ॲक्टिंग, लाह," ईरा म्हणाली. "पीपल ऑल क्राइंग."

"चांगला अभिनय असाच असतो, बेटा."

मेधा शेजारच्या बाईंशी काहीतरी बोलत होती. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"श्रीरंग, हे नाटक नाहीये. हे खरं आहे. ते खरे न्यायाधीश आहेत. खाली बसलेली माणसं आत्ता, या क्षणाला, अमेरिकेची नागरिक होतायत!"

"अरे वा! म्हणजे आपण अगदी वेळेवर आलो!"

"अप्पा कुठायत?"

आम्ही तिघं सज्जाच्या कठड्यावर ओणवे झालो. (ईरानं त्यांना आमच्या आधी शोधलं होतं, पण तिचं कोण ऐकतं!) अप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. एका बाजूला तो निळा झगा, दुसऱ्या बाजूला गुजराती बेन. हातात अमेरिकेचा छोटासा कागदी झेंडा. प्रसन्न.

ते असं झालं होतं, की मुतारी खालच्या मजल्यावर. तिथून परत येताना अप्पा जिन्याऐवजी सभागृहाच्या दारात पोचले. तिथल्या स्वयंसेविकेनं कोट बघितला, टाय बघितला, एक रिकामी खुर्ची बघितली आणि "दिस वे, सर! स्टार्टिंग नाऊ!" म्हणून त्यांना हाताला धरून नेलं. अप्पांना वाटलं, वयाचा मान ठेवून पुढची जागा दिली.

खालचे सगळे उभे राहिले. अप्पाही उभे राहिले. न्यायाधीशांनी सगळ्यांना उजवा हात वर करायला सांगितलं, आणि ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांना हात वर करायला लावलं, त्याचा हात सवयीनं वर गेला!

मी ताडकन उभा राहिलो. ओरडायची सोय नव्हती. नुसत्या ओठांनी "बसा! अप्पा, बसा!" म्हणत मी हात जोरजोरात वरखाली करायला लागलो. अप्पांनी वर पाहिलं. मला पाहिलं. मान डोलावली. आणि खांद्यापर्यंत आलेला हात त्यांनी झेंड्याच्या काठीसारखा ताठ वर नेला.

न्यायाधीश एकेक तुकडा सांगत होते आणि लोक मागून म्हणत होते. कुणाला हुंदका येत होता, कुणाला उच्चार जमत नव्हता. पुटपुटणं चाललं होतं. आणि पुटपुटलेली शपथ म्हटलं की अप्पांचं डोकं फिरतं. त्यांनी कोर्टातला आवाज लावला. व्हरांड्यातल्या पक्षकारांना ऐकू जायचा तो आवाज! दोन वाक्यांनंतर आख्खी तिसरी रांग न्यायाधीशांना सोडून अप्पांच्या मागून शपथ घ्यायला लागली. न्यायाधीशांनीही चष्म्यावरून एकदा कौतुकानं बघितलं.

टाळ्या. रडारड. निळ्या झग्यातल्या गृहस्थांनी अप्पांना मिठीत घेऊन चार बोटं वर उचललं.

माईही टाळ्या वाजवत होत्या. "काय मिळालं ओ ह्यांना?"

"अमेरिका," मेधा म्हणाली.

मी मटकन खाली बसलो. सिंगापूरच्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, दोनदा अर्ज करून दोनदा नकार घेतलेला माणूस मी! आणि यांना मुतारीच्या वाटेवर अमेरिका सापडते!

बाहेर पायऱ्यांवर अप्पा आले ते झेंडा फडकावतच आले. "कार्यक्रम छान होता. शिस्तबद्ध. पण श्रीरंगराव, ती शपथ कसली होती? मध्ये 'रिनाउन्स' असा शब्द आला. म्हणजे त्याग. मी नक्की कशाचा त्याग केला?"

इथं मी थाप मारायला हवी होती. पण गोंधळलो की मी खरं बोलतो.

"ती नागरिकत्वाची शपथ होती, अप्पा. पण तुम्ही मनावर घेऊ नका, भाषा जुनी आहे. परक्या राजेरजवाड्यांशी इमान राखणार नाही वगैरे..."

"राजे?" अप्पांचा आवाज चिरकला. "राजांशी इमान राखणार नाही, असं मी म्हणालो? श्रीरंगराव, मी साताऱ्याचा आहे! आमच्याकडं गादी आहे!"

आणि ते पायरीवरच बसले. तेवढ्यात एक हसतमुख बाई पुढं आल्या, अप्पांचं अभिनंदन केलं आणि मतदार म्हणून नाव नोंदवणार का म्हणून पेन पुढं केलं. अप्पांचा हात पेनाकडे गेलासुद्धा. (आयुष्यात त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही.) मेधानं त्यांना दंडाला धरून उचललं आणि आम्ही ऐतिहासिक बॉस्टनमधून अक्षरशः पळालो. उरलेली स्थळं आम्ही टॅक्सीच्या मागच्या काचेतून बघितली.

हॉटेलात अप्पांनी कोट उतरवला नाही. झेंड्याचं काय करावं कळेना. फेकला तर अपमान, ठेवला तर कबुली! शेवटी माईंनी तो लाडवांच्या डब्यात खोचला.

मी समजावून समजावून थकलो. "अप्पा, असं चालता चालता कुणी नागरिक होत नाही. त्या लोकांनी वर्षानुवर्षं खटपट केलेली असते. तुमचं त्यांच्याकडे नावसुद्धा नाही!"

"नाव नसेल. शपथ आहे ना?"

"नुसत्या शपथेनं काही होत नाही!"

हे मी बोलायला नको होतं. नुसत्या शपथेनं काही होत नाही, हे एका निवृत्त शिरस्तेदाराला! अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांची सगळी नोकरी वर्तमानपत्रात गुंडाळून रद्दीत दिली.

"आणि तुम्ही मला वरून खूण कशाला केलीत? हात वर करा, हात वर करा म्हणून?"

"मी बसा म्हणत होतो!"

"बसा म्हणताना हात वर जातो?"

मेधा धाकट्या बहिणीला दाखवायला म्हणून वरून मोबाईलवर सगळं टिपत होती. तिनं ते लावलं. त्यात अप्पा होते, निळा झगा होता. मग मोबाईल जरा हलला आणि सज्जात उभा असलेला मी दिसलो. हाफ चड्डी, चेहरा गंभीर, उजवा हात वर आणि ओठ हलतायत. मेधानं ते परत लावलं. तिसऱ्यांदा बघितल्यावर मलासुद्धा शंका यायला लागली.

"म्हणजे," अप्पा सावकाश म्हणाले, "तुम्हीपण घेतलीत."

"मग मी कोण?" माईंनी विचारलं. "मी एकटीच राहिले होय भारतात?"

ईरा लाडू खात होती. "आजो सो लकी. नो नीड एक्झाम."

परतीच्या विमानात अप्पा माझ्या शेजारी होते. त्यांनी जेवणाला हात लावला नाही. आता मात्र मला हसू येईना.

"श्रीरंगराव," ते म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांना दरडावलं, की खोटी शपथ घ्याल तर याद राखा. आता माझंच बघा. ती शपथ खरी म्हणावी तर माझा देश गेला. खोटी म्हणावी तर मी खोटा साक्षीदार. कुठल्या बाजूनं सुटायचं?"

मी आयटीतला माणूस. मी त्यांना माझ्या वाटचा पाव दिला. त्यांनी तो अर्धा खाल्ला.

सिंगापूरला उतरलो. इथं आता पासपोर्ट यंत्रावर ठेवायचा, काचेचं दार उघडतं, आपण चालायला लागायचं. माणूस समोर येतच नाही. मी पुढं, मेधा, ईरा, माई माझ्या मागोमाग पार. अप्पांनी पासपोर्ट ठेवला. दार उघडलं. अप्पा जागचे हलले नाहीत.

"अहो, या!" मी पलीकडून म्हणालो.

"कसा येऊ? मला कुणी काही विचारलंच नाही!"

"विचारत नाहीत, अप्पा. या!"

"न विचारता कसं आत घेतात? मी कोण आहे, हे यांना माहीत तरी आहे का?" आणि ते उलटे फिरले आणि चष्मा कपाळावर चढवलेल्या एका अधिकारी बाईंच्या टेबलापाशी जाऊन ताठ उभे राहिले. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मॅडम, आय वॉन्ट टू गिव्ह अ स्टेटमेंट!"

मी धावलो. एवढ्या वर्षांत सिंगापुरात मी कधी कुठली रेघ ओलांडलेली नाही. पण त्या क्षणी मी उलट्या दिशेनं त्या काचेच्या दारात शिरलो. दार माझ्या पोटावर मिटलं, कुठंतरी घंटा वाजायला लागली आणि मी आत ना बाहेर, असा मधोमध अडकून अप्पांचा जबाब ऐकत राहिलो.

अप्पांनी सगळं सांगितलं. स्मशान, चहा, गटार, रांग, टाय, मुतारी, गादी. बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अंकल, यू वॉन्ट टू बी अमेरिकन, ऑर डोन्ट वॉन्ट?"

"नो, मॅडम! नेव्हर!"

"डोन्ट वॉन्ट, देन हाऊ कॅन? मस्ट वॉन्ट फर्स्ट. यू गो होम अँड रेस्ट, लाह."

अप्पांनी ते वाक्य मनाशी पुन्हा म्हणून बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळत गेला. "हेतू!" ते ओरडले. "हेतूच नव्हता! बाईंनी बरोब्बर मुद्दा काढला!"

"अहो, हेच मी केव्हापासून सांगतोय!" मी दारातून ओरडलो.

"तुम्ही जावई. त्या ऑफिसर आहेत." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते परत बाईंकडे वळले. कोर्टातला माणूस; जबाब अर्धा ठेवणार नाही. "बट मॅडम, माय सन-इन-लॉ, दॅट मॅन इन द डोअर, ही ऑल्सो टूक ओथ. ही ओन्ली मेड द प्लॅन!"

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मला एका छोट्या खोलीत नेण्यात आलं. समोर एक तरुण अधिकारी. मी सगळं शांतपणे, मुद्देसूद सांगायचं ठरवलं होतं.

"तुमचे सासरे अमेरिकन आहेत?" त्यानं विचारलं.

"नाही."

"तुम्ही अमेरिकन आहात?"

"नाही, नाही!"

"मग अमेरिकन कोण आहे?"

"कुणीच नाही."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "सर," तो म्हणाला, "यू स्टार्ट फ्रॉम बिगिनिंग अगेन, कॅन?"

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. या खेपेला गटार आधी आलं आणि स्मशान नंतर, त्यामुळे घोळ वाढला. शेवटी मेधानं मला पाठवलेलं ते चित्रण मी माझ्या मोबाईलवर दाखवलं. त्यानं ते बघितलं. उठून बाहेर गेला आणि दोघांना घेऊन आला. त्यांनीही बघितलं. मग ते तिघं एका चौथ्याला घेऊन आले. चौथा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. अखेर माझा पासपोर्ट परत देताना त्या तरुणानं मोठ्या कळकळीनं सल्ला दिला, "सर, नेक्स्ट टाइम हॉलिडे, गो बाटाम. नियरर." (बाटाम म्हणजे सिंगापूरहून बोटीनं तासाभरावरचं इंडोनेशियाचं बेट.)

बाहेर आलो तर पट्ट्यावर आमच्या चार बॅगा गोल गोल फिरत होत्या आणि घरची मंडळी नाहीशी झाली होती. मेधाचा निरोप होता, 'अप्पांना एकदम भूक लागली. टॅक्सीनं पुढं जातोय. बॅगा आण.'

चार बॅगा घेऊन मी एमआरटीनं पुंगोलला आलो, तिथं वस्तीभोवती गोल फेऱ्या मारणारी छोटी गाडी, एलआरटी, पकडली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी परत पुंगोल स्टेशनात उभी होती. म्हणजे एक फेरा झाला होता. पुन्हा बसलो. या वेळी जागाच होतो, पण चुकीच्या बाजूच्या फेऱ्यात बसलो. माझं स्वतःचं घर मला खिडकीतून लांबून दोनदा दिसलं.

घरी पोचलो तर अप्पा दुसऱ्यांदा वरणभात घेत होते. मला दारात बघून दचकले.

"आलात? आम्हाला वाटलं, तुम्हाला परत पाठवलं!"

"कुठं?"

अप्पांचा घास हवेत थांबला. त्यांनी माईंकडे बघितलं, माईंनी मेधाकडे. कुणालाच सांगता येईना.

"म्हणून मेधानं पुण्याला तुमच्या आईंना फोन करून ठेवला," माई म्हणाल्या. "पाठवलंच, तर निदान आपल्या घरी तरी सोय असावी."

मला अगदी भरून आलं. शेवटी आई ती आई! "मग? काय म्हणाली आई?"

मेधानं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि भात वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणाल्या, आता कसं जमेल? त्याची खोली गेल्याच महिन्यात एका मुलाला भाड्यानं दिलीय. मुलगा फार गुणी आहे म्हणे. जिथं जातो म्हणून सांगतो, तिथंच जातो."